साध्या उलट्यांसाठी एवढ्या टेस्ट कशाला? बाबांबद्दल विचारायचं आहे

मानेवाड्याची_मुलगी

नमस्कार सगळ्यांना. जरा लांब लिहून राहिली, पण वाचा प्लीज. बाबा ६३ वर्षांचे आहेत, शुगर बऱ्याच वर्षांपासून आहे, बीपीची गोळी पण चालू आहे. महिना-दीड महिना झाला असेल, त्यांना अधूनमधून उलट्या होतात. रोज नाही होत. दोन-तीन दिवस चांगले जातात आणि मग एखाद्या रात्री भडभडून होते, आणि झाली की म्हणतात आता मोकळं वाटलं आणि शांत झोपतात. ताप नाही, जुलाब नाही, पोटात फार दुखतही नाही, नुसतं वरच्या बाजूला गच्च वाटतं म्हणतात. आई म्हणे पित्त आहे, जागरण नको, चहा कमी करा. चौकातल्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि सकाळी उपाशीपोटी घ्यायची कॅप्सूल दिली. चार-पाच दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच.

मग धंतोलीत एका फिजिशियनकडे नेलं. त्यांनी गोळी-बिळी काही न देता अर्धा तास नुसते प्रश्नच विचारले. उलटीत काय पडतं, सकाळचं की दुपारचं, रंग कसा, आंबट की कडू, आधी दुखतं की आधी उलटी होते, डोकं दुखतं का, लघवी किती होते. बाबा तर वैतागलेच. मग त्यांना टेबलावर झोपवलं, पोटावर स्टेथोस्कोप ठेवला आणि कंबरेला दोन्हीकडून धरून चक्क हलवलं! दोन-तीनदा! आणि मग लिहून दिलं, किडनीची टेस्ट, सोडियम पोटॅशियम, लघवीत किटोन, ईसीजी, सोनोग्राफी आणि एन्डोस्कोपी. भाऊ म्हणतो उलटीसाठी ईसीजी कोण काढतं, हा धंदा आहे सगळा. काका पण तेच म्हणून राहिले.

तर मला एवढंच विचारायचंय की हे खरंच लागतं का, की आधी एक-दोन करून बघावं? आणि ते पोट हलवण्याचं काय प्रकरण आहे?

इतवारीकर

काही नाही ताई, पित्तच असते या वयात. माह्या सासऱ्याले पण असंच होतं, कोकम सरबत न आलेपाक चालू केला, बंद झालं सारं. सावजी खाऊन राहिले का बाबा? ते बंद करा आधी. टेस्टांच्या नादी लागलं की एकातून दुसरी निघते बाप्पा.

रात्रपाळीचा_फिजिशियन

ताई, मी पण नागपुरातच प्रॅक्टिस करतो. तुमच्या बाबांना मी पाहिलेलं नाही त्यामुळे निदान वगैरे सांगणार नाही, पण त्या डॉक्टरांनी जे विचारलं ते का विचारलं हे सांगू शकतो, कारण माझ्या मते त्यांनी अगदी बरोबर केलंय आणि अर्धा तास दिला हे तर हल्ली दुर्मीळच आहे.

उलटीचा हुकूम पोट देत नाही, मेंदू देतो. मेंदूच्या खालच्या टोकाला मेड्युला म्हणून भाग आहे, तिथून तो सुटतो, आणि तिथे खबर चार-पाच वाटांनी पोचते. पोट-आतड्याकडून व्हेगस नावाच्या नसेमधून, आतल्या कानाकडून (गाडी लागते ती ही वाट), वरच्या मेंदूकडून म्हणजे घाण वास, भीती, नुसती आठवण यामुळेही, डोक्यात दाब वाढला तर थेट, आणि रक्तातून. रक्तातूनची वाट जास्त लक्षात ठेवा. मेंदूत एक छोटी जागा अशी आहे की जिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला नेहमीचा पडदा सैल असतो, त्यामुळे रक्तात काही विषारी वाढलं की तिला लगेच कळतं. किडनी बिघडून युरिया वाढला, शुगर बिघडून किटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं तेव्हा तयार होणारी आम्लं) वाढले, कॅल्शियम वाढलं, एखादं औषध जास्त झालं, सगळ्यांचा शेवट उलटीतच. म्हणजे शुगरच्या पेशंटला उलटी होतेय आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा), किटोन बघितले नाहीत तर तपासणी झाली असं मी तरी म्हणणार नाही. ईसीजीचं पण सांगतो. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक आला की कधीकधी छातीत दुखण्याऐवजी मळमळ, घाम आणि उलटी एवढंच असतं आणि जुन्या डायबेटिसवाल्यांना दुखणं तसंही कमी जाणवतं. पाच मिनिटांत होणारी टेस्ट आहे, तिच्यावरून भावाशी भांडण नको.

आता प्रश्न. पहिलं तर ही उलटी आहे की अन्न नुसतं तोंडात परत येतंय हे बघावं लागतं. उलटीत आधी मळमळ, तोंडाला पाणी सुटणं, मग पोटाचे स्नायू जोर लावतात. काही न होता, वाकलं की घास वर येतो ते वेगळं, त्याची कारणं अन्ननलिकेत शोधायची. मग वेळ. उठल्याउठल्या होणारी उलटी म्हणजे दिवस गेलेत का, किडनी, दारू, आणि सोबत डोकेदुखी असेल तर डोक्यातला दाब, हे मनात आणावं लागतं. जेवल्यावर चार-सहा तासांनी, किंवा सकाळचं खाल्लेलं रात्री ओळखू येईल असं पडत असेल तर पोट रिकामं होत नाहीये. निरोगी माणसाचं साधं जेवण साधारण चार तासांत बरंचसं पुढे सरकलेलं असतं.

रंगाचं पण तसंच. हिरवं-पिवळं कडू म्हणजे पित्त मिसळलंय (घरचे अ‍ॅसिडिटीला म्हणतात ते नाही, यकृताकडून लहान आतड्याच्या सुरुवातीला येणारा रस), म्हणजे निदान लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतची वाट उघडी आहे. पित्त अजिबात नाही, नुसतं आंबट आणि जुनं अन्न, तर अडथळा त्याच्या अलीकडे, पोटाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी असू शकतो. कॉफीच्या गाळासारखं काळपट म्हणजे रक्त, त्यात थांबायचंच नाही. आणि दहा वेळा जोरजोरात ओकून मग लाल रक्त दिसलं तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर गेलेली असू शकते, तीही दाखवायचीच.

आधी दुखणं की आधी उलटी, हा प्रश्न लोकांना उगाच वाटतो. अपेंडिक्समध्ये बहुतेक वेळा आधी दुखतं आणि मग उलटी होते. बाहेरचं खाऊन झालेल्या गडबडीत उलट्या आधी, मुरडा आणि जुलाब नंतर.

आणि हलवण्याचं सांगतो, ते बघून मला खरंच बरं वाटलं कारण आता फार कोणी करत नाही. जेवून तीन-चार तास उलटल्यावर पेशंटला हलवलं आणि पोटातून अर्ध्या भरलेल्या बाटलीसारखा डुचमळण्याचा आवाज आला तर आत पाणी आणि अन्न साठून राहिलंय. फुकटची टेस्ट आहे. तुमच्या बाबांचं शेवटचं जेवण केव्हा होतं आणि डॉक्टर आवाज ऐकून काय म्हणाले?

अजून दोन गोष्टी सांगा. वजन कमी झालंय का? आणि गेल्या काही महिन्यांत कुठली नवीन गोळी सुरू झाली?

मानेवाड्याची_मुलगी

बापरे, एवढं नीट लिहिलंत, थँक्यू डॉक्टर. आईला विचारून सांगते.

उलटी बहुतेक रात्री अकरा-बाराला होते. आईने सांगितलं आणि मी परवा स्वतः पण बघितलं, बादलीत दुपारचा भात होता, शितं अगदी सुटी दिसत होती, आणि पाटवडीचे तुकडे, जी सकाळी अकराच्या जेवणात होती. हिरवं-पिवळं काही नव्हतं, आंबट वास फार होता. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा जेवून पाच तास तरी झाले होते. ते आवाज ऐकून नुसतं "हं" म्हणाले आणि मग एन्डोस्कोपी लिहिली, आम्हाला काही बोलले नाहीत.

वजन कमी झालंय. पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. आम्हाला वाटलं शुगर कंट्रोलमध्ये आली म्हणून. नवीन गोळी आहे एक, सेमाग्लुटाइड, शुगर आणि वजन दोन्हीसाठी म्हणून दिली होती. उपाशीपोटी थोड्याशा पाण्यासोबत घ्यायची असते ती. दीड-दोन महिन्यांपूर्वी सुरू केली, मध्ये डोस ३ वरून ७ केला. म्हणजे त्यामुळेच आहे का हे? मग एन्डोस्कोपीची गरज नाही ना?

कॅज्युअल्टी_सिस्टर

डॉक्टर सांगतीलच, मी थोडं वेगळं सांगते. बारा-तेरा वर्षं झाली कॅज्युअल्टीत, उलटीचे पेशंट म्हणजे रोजचंच. नातेवाईक येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "सिस्टर, पित्त झालंय, एक इंजेक्शन देऊन द्या." आणि गोळ्यांचं विचारलं की म्हणे घरी राहिल्या, गुलाबी रंगाची एक आहे आणि पांढरी एक आहे. प्लीज पाकिटं पिशवीत टाकून आणत जा, सगळी, आयुर्वेदिक पण. उलटीचा मोबाइलवर फोटो काढून आणला तरी चालतो, लाजायचं काय त्यात. शेवटची लघवी कधी झाली ते आठवून या. आम्ही जीभ बघतो, नाडी बघतो, झोपलेलं असताना आणि उभं केल्यावर बीपी बघतो, उभं राहिल्यावर बीपी पडलं आणि डोळ्यांसमोर अंधारी आली तर पाणी बरंच गेलंय. कमरेखालची चादर बाजूला करून जांघेत बघतो तेव्हा लोक रागावतात, पण तिथे हर्निया अडकलेला असतो आणि आजोबांनी लाजेपोटी कोणाला सांगितलेलं नसतं, हे किती वेळा पाहिलंय. बाईमाणूस असेल तर पाळीची तारीख विचारतो, लग्न झालंय की नाही ते नंतर.

आणि आपल्या भागातलं एक, जे पुस्तकात शेवटी असतं पण विदर्भात आधी विचारावं लागतं. फवारणी करून आलेला माणूस. उलट्या, तोंडातून लाळ, घामाने चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हे दिसलं की कीटकनाशक. २०१७ ला यवतमाळकडे कपाशीच्या फवारणीत विषबाधेने माणसं गेली ते सगळ्यांना माहीत आहे. अशा माणसाला मुद्दाम ओकायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका, कपडे काढा, साबणाने अंग धुवा (धुणाऱ्याने हातमोजे घालून), कीटकनाशकाचा डबा सोबत घ्या आणि निघा.

मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस ओकतोय आणि असंबद्ध बोलतोय तर ती पण पित्ताची केस नाही, अंग थंड करत करत आणा.

औषधवाला_सक्करदरा

मी मेडिकल स्टोअरवर बसतो, फार्मासिस्ट आहे. रोज दहा-पंधरा लोक तरी येतात, उलटीची गोळी द्या. ऑन्डॅनसेट्रॉन द्या, जिभेवर विरघळणारी. गोळी चांगली आहे, वाईट नाही, पण ती उलटी थांबवते, कारण थांबवत नाही. आतडं अडकलंय आणि तुम्ही गोळीवर गोळी दिली तर दोन दिवस कळतच नाही, शिवाय तिने संडास कडक होते ते वेगळंच. सकाळच्या पॅन्टोप्राझोलसोबत डोमपेरिडोन असलेल्या कॅप्सूल लोक वर्षानुवर्षं घेतात. डोमपेरिडोन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, साठीच्या वर जास्त जपावं लागतं, दिवसाला ३० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही आणि काही अँटिबायोटिकसोबत तर नकोच. ऑन्डॅनसेट्रॉनचं पण ठोक्यांच्या बाबतीत थोडं तसंच, आणि उलट्यांनी पोटॅशियम कमी झालेलं असेल तर धोका अजून वाढतो, म्हणून त्या डॉक्टरांनी आधी पोटॅशियम आणि ईसीजी सांगितला असावा. मेटोक्लोप्रामाइड लहान पोरांना स्वतःहून देऊ नका, मान वाकडी होते, डोळे वर जातात, घरचे घाबरून झटका आला म्हणून पळतात.

ओआरएसचं पण सांगून टाकतो. डब्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नाही. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला बघा, एक लिटरला २०.५ ग्रॅम पावडर, त्यात ग्लुकोज १३.५ आणि मीठ २.६, बाकी पोटॅशियम आणि सायट्रेट. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) असल्या पेयांच्या नावात ओआरएस लिहायला मनाई केली ती याचसाठी. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी सलाइन संपल्यावर हेच मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याची माणसं वाचवली, आणि आपण अजून पोरांना ज्यूस पाजतो.

बाकी ताई, एक विचारू? बाबा गुडघे किंवा पाठ दुखते म्हणून काही घेतात का? माझ्याकडे या वयाचे लोक शुगरची गोळी घ्यायला येतात आणि हळूच म्हणतात, डायक्लोफेनॅकची एक पट्टी पण टाक.

मानेवाड्याची_मुलगी

दादा तुम्ही तर जादूगार निघालात. आत्ता बाबांच्या कपाटात बघितलं, शर्टांच्या खाली तीन पट्ट्या, दोन रिकाम्या. विचारलं तर म्हणे गुडघ्यासाठी, रोज नाही घेत, कधीतरी. आई म्हणते दिवाळीच्या आधीपासून घेऊन राहिले. आता घरात वेगळाच तमाशा चालू आहे.

रात्रपाळीचा_फिजिशियन

फार्मासिस्ट साहेबांना सलाम, हा प्रश्न माझ्याकडून राहिला होता.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सेमाग्लुटाइडमुळे मळमळ-उलटी होते, फार कॉमन आहे, आणि डोस वाढवल्यावर जास्त होते. ते औषध पोट रिकामं व्हायला उशीर लावतं, म्हणजे बारा तासांपूर्वीचा भात पडणं यातूनही होऊ शकतं. जुन्या डायबेटिसमध्ये नसा खराब होऊन पोट आळशी होतं, त्यातूनही होऊ शकतं. आणि पेनकिलर महिनोन्‌महिने घेऊन पोटाच्या बाहेर पडायच्या तोंडाशी अल्सर होतो, तो भरताना व्रण आखडतो, वाट अरुंद होते, त्यातूनही. या वयात, वजन घटलेलं असताना, तिथे गाठ नाही ना हे बघणंही आलंच. चारही ठिकाणी बादलीत दिसणार तेच, दुपारचा भात. एन्डोस्कोपी नको असं म्हणण्यासाठी सेमाग्लुटाइडकडे बोट दाखवणं सगळ्यात सोपं आहे, आणि मला त्याचीच भीती वाटते. आईला नीट विचारा, पट्टा आत जायला लागला तो गोळी सुरू व्हायच्या आधी की नंतर? दोन घासांत पोट भरल्यासारखं कधीपासून होतं?

वाट उघडी आहे हे आधी डोळ्यांनी बघायचं. उघडी असेल तर मग आळशी पोटाची वेगळी तपासणी असते, न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांकडे, थोडं किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं जेवण देऊन चार तासांनी किती उरलं ते मोजतात, दहा टक्क्यांच्या वर उरलं तर पोट संथ आहे. ती आधी करून उपयोग नाही.

तोपर्यंत पेनकिलर आजपासून बंद. सेमाग्लुटाइडचं आणि बाकी शुगरच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारा, आजच. उलट्या होऊन जेवण जात नसताना मेटफॉर्मिन, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात. आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर शुगर २०० च्या आतबाहेर दिसूनही किटोन वाढतात, लोक ग्लुकोमीटर बघून निवांत राहतात. इन्सुलिन असेल तर ते मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

नवी_आई_प्रतापनगर

मध्येच विचारते, सॉरी. माझं बाळ पाच आठवड्यांचं आहे, दूध पाजलं की थोड्या वेळाने जोरात उलटी करतो, परवा तर पलंगावरून खाली पडली इतकी लांब. सासूबाई म्हणतात बाळं दूध टाकतातच. पण लगेच परत भुकेला होतो. काय करू?

कॅज्युअल्टी_सिस्टर

बाळं दूध टाकतात हे खरं, ढेकर देताना हनुवटीवरून ओघळतं ते, आणि वजन वाढत असेल तर त्याचं काही नाही. पण तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाची उलटी पिचकारीसारखी लांब जात असेल, लगेच भूक लागत असेल, लघवीचे लंगोट कमी झाले असतील तर पोटाचं खालचं तोंड जाड झालेलं असू शकतं, सोनोग्राफीत दिसतं, छोट्या ऑपरेशनने पूर्ण बरं होतं. आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उद्यावर नका टाकू. आणि कुठल्याही तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर फोन-बिन न करता थेट मोठ्या दवाखान्यात, मेडिकल, मेयो, एम्स जे जवळ असेल ते. हिरव्यात आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशोब असतो.

इतवारीकर

एक शंका. मग घरी किती वेळ वाट पाहाची? हर उलटीले धावलं तर घर विकाव लागन.

रात्रपाळीचा_फिजिशियन

रास्त प्रश्न. लग्नातून आलात, तीन-चार तासांत घरातले सगळेच ओकायला लागले, तर खाण्यात जंतूंनी तयार केलेलं विष होतं, स्टॅफ नावाच्या जंतूचं, किंवा बाहेर राहिलेल्या भाताचं. ते बहुतेक एका दिवसात उतरतं. अशा वेळी उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं आणि मग ओआरएस चमच्या-चमच्याने, दर मिनिट-दोन मिनिटांनी एक. ग्लासभर एकदम दिलं की परत येणारच, आणि मग लोक म्हणतात पाणी पण टिकत नाही. धडधाकट माणूस असेल, लघवी होत असेल, तर एक दिवस बघायला हरकत नाही.

पण रक्त किंवा काळं पडलं, पोट फुगलंय आणि गॅस-संडास बंद, छातीत दुखतंय किंवा गार घाम, डोकं प्रचंड दुखतंय आणि मान कडक, माणूस गुंगीत, डोळा लाल होऊन दुखतोय आणि धूसर दिसतंय (काचबिंदूचा अटॅक, उलटीच्या गडबडीत डोळा कोणी बघतच नाही), आठ-दहा तास लघवी नाही, यातलं एकही असेल तर रात्र काढायची नाही. गरोदर बाई, तान्हं बाळ, म्हातारं माणूस आणि शुगरवाला यांना त्या एका दिवसाची सूट पण नाही. आणि थांबून थांबून येणारी, आठवडे चालणारी उलटी कितीही हलकी वाटली तरी कोकम सरबतावर ढकलू नका राजे हो.

मानेवाड्याची_मुलगी

अपडेट देते. आईच्या म्हणण्याप्रमाणे जेवण कमी होणं आणि वजन उतरणं दोन्ही त्या गोळीच्या आधीपासून आहे. ईसीजी ठीक आला, क्रिएटिनिन थोडंसं वाढलेलं, किटोन नाही, पोटॅशियम ३.१, कमी आहे म्हणाले, ते भरून काढायला औषध दिलं. सेमाग्लुटाइड बंद केली. सोनोग्राफीत पोटात बरंच साठलेलं दिसलं.

एन्डोस्कोपी काल झाली. त्याच्या आधीचा पूर्ण दिवस फक्त पातळ द्यायला सांगितलं होतं, कारण नेहमीचे सहा-आठ तास उपाशी राहून अशा पोटात अन्न उरतंच म्हणे आणि ते श्वासात जाऊ शकतं. भाऊ स्वतः घेऊन गेला बरं का. पोटाच्या पुढच्या तोंडाशी, ड्युओडेनमच्या (लहान आतड्याचा पहिला भाग) सुरुवातीला जुना अल्सर आणि आजूबाजूला सूज, वाट अरुंद झालीय, पण बारीक स्कोप पुढे गेली. गाठीसारखं काही दिसलं नाही, तरी तुकडे घेतलेत, रिपोर्ट चार-पाच दिवसांनी. एच पायलोरीची (अल्सर करणारा पोटातला जंतू) टेस्ट तिथल्या तिथे पॉझिटिव्ह आली, त्याचा १४ दिवसांचा कोर्स सुरू केला. डॉक्टर म्हणाले सूज उतरल्यावर वाट किती मोकळी होते ते बघू, नाहीच झाली तर फुगा घालून रुंद करू. तोवर सगळं मिक्सरमधून काढलेलं, थोडं थोडं, पाच-सहा वेळा. बाबा भाजीवाली खिचडी पातळ करून खाऊन राहिले आणि तोंड वाकडं करून राहिले.

आता गुडघ्याचं काय करायचं? ते रोज विचारतात, डायक्लोफेनॅक नाही तर कोणती?

औषधवाला_सक्करदरा

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक, सगळी एकाच जातीची आहेत, नाव बदलून घेतली तरी पोटाला आणि किडनीला तेच. मलम लावायचं असेल तर तेही त्याच जातीचं असतं, फक्त अंगात फार कमी जातं, तरी किडनीचा आकडा वाढलेला आहे म्हणून डॉक्टरांना विचारून. गोळीच लागली तर साधं पॅरासिटामॉल, तेही किती ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. आणि अॅस्पिरिन चालू आहे का ते पण बघा, बीपी-शुगरवाल्यांना बरेचदा असतं, ते मनाने बंद करू नका पण अल्सर निघालाय हे लिहून देणाऱ्याला कळलं पाहिजे. एच पायलोरीच्या कोर्समध्ये क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर ती जुनी डोमपेरिडोनवाली कॅप्सूल कपाटातून काढून टाका, दोन्ही एकत्र नको. दुसरं, ते १४ दिवस एकही डोस चुकवू देऊ नका, सातव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडणारे माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात. कोर्स संपून निदान चार आठवडे झाले की जंतू गेला का याची टेस्ट परत करतात, आणि त्याच्या आधी दोन आठवडे पॅन्टोप्राझोल बंद ठेवावी लागते, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. पण वाट अजून अरुंद आहे, तर ती बंद करायची का आणि केव्हा, हे आत्ताच विचारून ठेवा.